कलावतीबाईंचं कपाळ

परवा एक माय-लेकी आमच्या घरी फोटो काढायले आल्या. पोरीच्या लग्नासाठी बायोडाटा बनवायचा होता. पोट्टी साधी, हसरी, गालावर एक पिंपल आलेला आणि ओठावर चांगला ठसठशीत तीळ. माय खुर्चीत बसत नाही तर सुरू झाली, "भैया, थोड़ा गोरा कर देना, और ये तिल हटा देना." आमच्या ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "पिंपल काढून देतो, तो आठ दिवसांत आपोआपच जाणार आहे. तीळ तिचा आहे, तो राहीन. आणि रंगाले मी हात लावत नाही." बाई चिडून उठली. म्हणे, बाजारात सगळे करून देतात, तुम्ही काय जगावेगळे? हे म्हणे, "मग बाजारात जा, दीदी. पण पोरगा पाहायले आला की हा तीळ कुठं लपवाल?" पोट्टी खो-खो हसली आणि तिथंच बसून राहिली. मग मायही बसली. फोटो निघाला आणि खरं सांगते, छान निघाला.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मनात म्हटलं, पाहा कसा हरिश्चंद्र झाला हा माणूस! काही महिन्यांआधीपर्यंत ह्याच माणसानं तीळ तर सोडा, अख्खी बाई बदलून दिली असती. दिलीही होती. तेच सांगते.

ह्यांचं नाव बाबाराव. आमच्या काळात बाया नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या, पण ह्या माणसानं मले जेवढा ताप दिला त्याच्या मानानं नाव घेणं म्हणजे काहीच नाही. सिंचाई विभागात बाबू होते. आजेसासरे आर्वीकडून इकडे आले, तेव्हापासून आम्ही रायपूरचे, तात्यापाऱ्यातले. घरात मराठी, दारात हिंदी आणि भाजीवालीसंगं छत्तीसगढी. रिटायर झाले त्या दिवशी हार, शाल, नारळ घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशीपासून माझ्या स्वयंपाकघराचे साहेब होऊन बसले. "कुकरच्या तीन शिट्ट्या काहून? दोनमध्ये होत नाही का?" "मिठाचा डबा इतक्या मागं काहून ठेवला?" मी काही दिवस ऐकून घेतलं. मग पुण्याले आमच्या ज्ञानदाले फोन लावला. म्हटलं, "तुझ्या बापाले काहीतरी खेळणं पाठव बाई, नाही तर मी माहेरी चालली." तिनं आपला जुना कॅमेरा पाठवून दिला. त्या दिवशी माझा कुकर सुटला आणि सारा तात्यापारा सापडला!

शिकायले जात ते ब्राह्मणपाऱ्यात, मारोतीच्या स्टुडिओत. मारोती ह्यांच्यापेक्षा निम्म्या वयाचा. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, फ्रेमा, असा त्याचा धंदा. हे रोज डबा घेऊन निघत, हपिसात जात तसेच, आणि संध्याकाळी येऊन मले उजेडाबद्दल शिकवत. पोळी लाटून राहिली असली की म्हणे, "थांब, हलू नको, खिडकीतून काय सुंदर उजेड येऊन राहिला!" इकडे तव्यावरची पोळी जळून राहिली त्याचं काही नाही. पहिल्या-पहिल्या फोटोंत कोणाले डोकंच नसे. दूधवाल्याले एकच दूध परत-परत ओतायले लावत. भाजीवाली तर टोपली घेऊन मागच्या गल्लीनं जायले लागली. मी विचारलं तर म्हणे, "दाई, तोर साहब ह फोटू खींचत रथे, भाजी नइ बेचन देय." तरी पण एक गोष्ट सांगते, माणूस खूश होता. शिट्ट्या मोजणं विसरला, झोप चांगली लागे, जेवण चांगलं जाई. मीही म्हटलं, करू दे बाप्पा.

मग मारोतीनं ह्यांले कॉम्प्युटरवर फोटो साफ करणं शिकवलं आणि तिथून गाडी घसरली. सुरुवात पुरानी बस्तीच्या एका देवळापासून झाली. कळसावरून विजेच्या तारा गेलेल्या होत्या, त्या ह्यांनी पुसून टाकल्या. कळस मोकळा दिसला, मीही वा म्हटलं. त्या ‘वा’नं ह्यांले जोर चढला. गणपतीतल्या ग्रुप फोटोत आमच्या खजिनदारांचे डोळे मिटलेले होते, तर ह्यांनी अध्यक्षांच्या दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणून त्यांले बसवून दिले. खजिनदारीणबाई तो फोटो घेऊन माझ्याकडे आली, म्हणे, "वहिनी, आमचे हे असे रागानं कोणाकडे पाहून राहिले?" मी काय सांगणार, कपाळ? मग माझा नंबर लागला. केस काळे केले, गळ्याच्या सुरकुत्या काढल्या, गाल बसवले. मी भांडली. पण खोटं कायले बोलू, तो फोटो मी व्हॉट्सॲपवर लावला. संध्याकाळी नागपूरहून बहिणीचा फोन, "अगं, ही कोण? भाऊजींनी दुसरी केली का?" मी गुपचूप काढून टाकला.

ह्यांले थांबवणार कोण? मारोती म्हणे, "काका, कस्टमरले पायजे ते द्या." आणि कस्टमरले सारंच पायजे होतं, गोरं पायजे, बारीक पायजे, तरणं पायजे. हे देत सुटले.

अशातच गुलाबराव घरी आले.

गुलाबराव म्हणजे ह्यांचे जिवाभावाचे दोस्त. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. त्यांची चेतना आणि आमची ज्ञानदा एका वर्गात, तिथून दोन्ही घरांचं जाणं-येणं सुरू झालं. मूळचे भंडाऱ्याकडचे, बौद्ध, घर गुढियारीत. रोज सकाळी स्कूटरवर येत आणि दोघे बूढा तालाबाले चक्कर मारत. म्हणायले चक्कर, अर्धा वेळ पोह्याच्या ठेल्यावर जाई. त्यांची बायको कलावतीबाई. उंच, काळीसावळी, आवाज असा की महिला मंडळाच्या सभेत तिले माइक लागत नसे. तिचं आणि माझं फार जमे. दोघींचाही स्वभाव एकच, नवऱ्याले बोलल्याशिवाय दिवस जात नाही. ती बाई मागच्या साली चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेली. मले आपलं माणूस गेल्यासारखं झालं. गुलाबराव तर बोलणंच विसरले. मी डबा घेऊन गेली की डब्याकडे पाहत बसत.

वर्ष होत आलं तसं त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. भंतेजी येणार, भंडाऱ्याहून नातेवाईक येणार. भिंतीवर लावायले मोठा फोटो पायजे, आणि घरात फोटोच नाही! मोबाईल निघाला की कलावतीबाई दुसऱ्यांले उभं करे, "तू इकडे सरक, तू मान वर कर," आणि स्वतः बाजूले राही. चेतनाच्या फोनमध्ये होती ती नुसती पाठ, नाही तर अर्धा गाल. आधार कार्डावर होता तो नुसता काळा ठिपका. शेवटी गुलाबरावांनी पेटीच्या तळातून एक फोटो काढला. लग्नानंतर नागपूरच्या स्टुडिओत काढलेला, काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा. पांढरं पातळ, नजर सरळ. ओल लागून जागोजागी डाग पडलेले, त्यातला एक डाग बरोबर कपाळाच्या मधोमध. रुमालात गुंडाळून आणला आणि ह्यांच्या हातात दिला. म्हणे, "बाबाराव, एवढाच आहे. सांभाळून करा." हे म्हणे, "चिंता करू नका गुलाबराव. असा करून देतो की वहिनी बोलायले लागन!"

किती दिवस स्टुडिओत बसून होते काय माहीत. मले दाखवलं नाही. विचारलं की म्हणत, "त्या दिवशीच पाहा."

तो दिवस आला. घर माणसांनी भरलेलं. वंदना झाली, भंतेजींचं बोलणं झालं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली पांढऱ्या कपड्यानं झाकलेली मोठी फ्रेम. हे माझ्या बाजूले नवा कुर्ता घालून बसलेले, परीक्षेत पहिला आलेल्या पोट्ट्यासारखे. चेतनानं कपडा काढला.

कलावतीबाई होती खरी. पण गोरीपान. ओठ गुलाबी, पांढऱ्या पातळाचं पिवळं झालेलं, वर जरीचा काठ. आणि कपाळावर मधोमध लालभडक कुंकू.

मी ह्यांचा कुर्ता धरून ओढला. कारण मले माहीत होतं. त्यांच्यातल्या कितीतरी बाया टिकली लावतात, त्यांले कोणी काही म्हणत नाही. पण कलावतीबाईचं नाही म्हणजे नाही. ओळख नवी होती तेव्हा मी तिले संक्रांतीच्या हळदीकुंकवाले बोलावलं होतं. आली, चार बायांत हसली-बोलली, आणि मी करंडा पुढं केला तसा तिनं कपाळावर हात धरला. म्हणे, "विनोदिनीताई, तिळगूळ घेते, वाण घेते, कुंकू नाही घेत." मले राग आला होता, कायले लपवू! मग नंतर एकदा तिनंच सांगतलं. तिची माय भर जवानीत विधवा झाली. लोकांनी तिचं कपाळ पुसलं आणि मग त्याच कपाळाले अपशकुनी म्हणाले. "मी तेव्हाच ठरवलं ताई," ती म्हणे, "नवरा असो का नसो, माझं कपाळ माझंच राहीन." लग्नाच्या मांडवात पण लावलं नाही. चुलतसासू रुसून जेवल्या नाही, तरी लावलं नाही. तेव्हापासून मी तिले संक्रांतीले तिळगुळासंगं गुलाबाचं फूल देत आली.

आणि त्या कपाळावर आमच्या ह्यांनी कुंकू काढून ठेवलं!

खोलीत कुजबुज सुरू झाली. चेतना फोटोकडे पाहतच राहिली. पोरगी मराठी सारं समजते, पण बोलते हिंदीत. ह्यांच्याकडे वळून म्हणे, "काका, ये कौन है? माँ ने ज़िंदगी भर जो नहीं लगाया, वो आपने उसके जाने के बाद लगा दिया? और गोरा भी कर दिया?" हे उठून उभे राहिले. म्हणे, "बेटा, तिथं डाग होता... मले वाटलं, कुंकूच पुसट झालं असंन... आणि वहिनी अहेव गेली, म्हणून म्हटलं कपाळ मोकळं काहून ठेवा..." गुलाबराव हळूच उठले. तोच पांढरा कपडा फ्रेमवर परत टाकला. म्हणाले, "असू दे चेतना. काकानं मुद्दाम नाही केलं. बाबाराव, माझा जुना फोटो देऊन द्या. डाग असले तरी चालन, तोच लावतो."

हे खाली मान घालून उभे. "जुना फोटो नाही आता," म्हणे.

झालं असं होतं. मशीनवर फोटोची नक्कल घेतल्यावर ह्यांले वाटलं, मूळ फोटोही साफ करून देऊ. ओल्या कापसानं पुसला. डाग निघाले आणि डागासंगं चेहराही निघून आला. आणि कॉम्प्युटरवर जी नक्कल होती तिच्यावरच सारी रंगरंगोटी केलेली, पहिली वेगळी ठेवलीच नव्हती. नव्या शिकलेल्या माणसाचा आंधळेपणा, दुसरं काय! म्हणजे कलावतीबाईचा खरा चेहरा ह्या जगात कुठंच उरला नव्हता. गुलाबरावांनी ऐकून घेतलं आणि नुसतं "बरं" म्हटलं. ओरडले असते तर किती बरं झालं असतं! त्या दिवशी लोकांनी फुलं वाहिली ती मेणबत्तीपुढं.

घरी आल्यावर मी तोंड उघडलं ते बंदच नाही केलं. "अहो, इतकी वर्षं त्या बाईच्या हातचा चहा पिले! तिच्या कपाळावर काही नसते हे तुम्हाले एकदाही दिसलं नाही? खिडकीतला उजेड दिसते, दूधवाल्याची धार दिसते, समोर बसलेली बाई दिसत नाही? मग फेका तो कॅमेरा तालाबात!" एरवी हे दोनाचे चार करून ऐकवतात. त्या दिवशी सोफ्यावर बसून राहिले. मग म्हणे, "विनोदिनी, मी पाहतच नव्हतो गं." माझं नाव घेतलं. डोळे भरून आले होते. मले कीव आली, पण राग जास्त होता, म्हणून मी भांडे घासायले गेली आणि तिथं मलेच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबरावांची स्कूटर आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. हे चप्पल घालून ओट्यावर बसत, गल्लीच्या तोंडाकडे पाहत, मग आत येऊन चप्पल काढून ठेवत. मी समजली, हा दोस्त गेला तर हा माणूस खचन. आणि तो दोस्त रागानं नाही, फोटोच्या दुःखानं गेला होता. बायको एकदा तापानं गेली आणि दुसऱ्यांदा आमच्या कापसानं.

हे मारोतीकडे गेले. मी पण संगं गेली. आता एकट्यानं स्टुडिओत सोडायची मले हिंमत नव्हती. मारोतीनं ऐकलं आणि हसला. म्हणे, "काका, इतकं काय टेन्शन? आजकाल असं ॲप आहे, अर्धा गाल दिला की पूर्ण चेहरा बनवून देते. कपाळ कोरं ठेव म्हटलं की कोरं ठेवते. रंग सांगा, वय सांगा." आधी फोटो शोधताना चेतनानं पाठवलेला तो अर्धा गाल त्यानं टाकला आणि हातोहात एक बाई तयार झाली. सावळी, कपाळ कोरं, पांढरी साडी, मंद हसू. दिसायले अगदी तशीच! मी पण चरकली. मारोती म्हणे, "करू प्रिंट? कोणाले कळणार आहे?"

ह्यांची नजर त्या बाईवरून हलेना. मले वाटलं, पडले आता मोहात. पडले असते तर मी तरी काय बोलणार होती, एका बटनात दोस्त परत येत होता. पण हे म्हणाले, "नाही मारोती. ह्या बाईनं जन्मात कोणाले रागावलं असंन असं वाटत नाही. ही कलावतीबाई नाही, ही कोणीच नाही. गुलाबराव हिच्यापुढं रोज फूल ठेवन आणि ती कोणीच नसन. एकदा न पाहता केलं. आता पाहून खोटं करू का?" आणि खुर्चीतून उठले. लग्नाले इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी मले आपल्या नवऱ्याचा पहिल्यांदा अभिमान वाटला. मी तोंडावर सांगतलं नाही. कायले डोक्यावर चढवायचं!

मग आमची वरात निघाली. हे स्कूटरवर, मी मागं, आणि महिला मंडळातल्या एकेका बाईचं दार. कॅमेरा घरीच ठेवलेला. आधी प्रत्येकीचं बोलणं खायचं, मग फोटो मागायचा. सरिताबाई म्हणे, "कलावतीताई फोटोत कुठून असंन? तीच तर आम्हाले रांगेत उभी करे." इंदूबाईकडे तीन अल्बम पाहिले, त्यात कलावतीबाईचं कोपर सापडलं. पण बाया बोलत गेल्या. तिनं कोणाच्या पोरीचं नाव शाळेत टाकून दिलं, कोणाच्या दारुड्या नवऱ्याले नळावर उभं करून कसं झाडलं, कोणाच्या बाळंतपणात रात्रभर कशी बसली. हे चहाचा कप हातात धरून ऐकत राहत, चहा निवून जाई. घरी येताना म्हणत, "विनोदिनी, आपण हिले ओळखत होतो म्हणे?"

शेवटी शर्मिष्ठाबाईचं घर. शाळेत मास्तरीण, मंडळाची सचिव. तिनं तर ह्यांले वर्गातल्या पोट्ट्यासारखं झाडलं. "आमच्या ताईच्या कपाळावर तुमची मर्जी चालवली काहून? विचारता येत नव्हतं?" हे म्हणाले, "चुकलो बाई. विचारायले पायजे होतं." तेवढं ऐकून ती थोडी निवली. मोबाईल काढला. म्हणे, "एक आहे. चौदा एप्रिलच्या जेवणातला. पण चांगला नाही, ताईनं मले डिलीट करायले सांगतला होता. राहून गेला."

आम्ही पाहिला. जेवणाच्या पंगतीत कलावतीबाई उभी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला, केसांची एक बट सुटलेली, तोंड हे एवढं उघडं आणि बोट रोखलेलं. कपाळ घामानं चमकून राहिलं, काळं, रुंद आणि कोरं. फोटोच्या कडेले कोणाचा तरी हात आणि हातात द्रोण. मले तिचा आवाजच ऐकू आला. मी शर्मिष्ठाबाईच्या सोफ्यावर बसून ढसाढसा रडली.

त्या फोटोची प्रिंट काढायच्या आधी हे कॉम्प्युटरपुढं बसले होते. चष्म्याच्या काचेवर उजेडाचा पांढरा ठिपका होता. ह्यांचा हात आपोआप माऊसकडे गेला. मी म्हटलं, "अहो!" त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले आणि मारोतीले म्हणाले, "तूच काढ बाबा प्रिंट. जशी आहे तशी."

फ्रेम केली नाही. हे म्हणे, "डिलीट कर म्हणाली होती ती. आता तिले विचारता येत नाही, तर तिच्या माणसांले विचारू. नको म्हणाले तर फाडून टाकू." चेतनाले फोन केला. ती म्हणे, "ठीक है, पहले दिखाइए."

आम्ही गुढियारीले गेलो. गुलाबराव खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली. बाहेरगावी नोकरीले असलेल्या चेतनाची बदली आता रायपूरले झाली होती, त्याचे पेढे तिनं चहासंगं आणून ठेवले. गुलाबरावांनी उगीच काहीतरी करायचं म्हणून एक पेढा उचलला. ह्यांनी पाकिटातून फोटो काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "गुलाबराव, ह्यात मी काहीच केलं नाही. उजेडही वाढवला नाही. चष्मा घसरलेला आहे, तोंड उघडं आहे, कडेले कोणाचा तरी हात येऊन राहिला. लावायचा नसंन तर सांगा. लावायचा असंन आणि तो हात नको असंन, तर तुम्ही म्हणाल तरच कापतो."

गुलाबराव फोटो घेऊन खिडकीपाशी गेले. जवळ धरला, दूर धरला. मग ते म्हणाले, "हात कापू नका. तो माझा आहे."

चेतना उठून त्यांच्या मागं गेली.

"दुसऱ्यांदा जिलेबी घेऊन राहिलो होतो," गुलाबराव म्हणे. "मले शुगर आहे नं. सगळ्या पंगतीपुढं ओरडली होती माझ्यावर." आणि ते हसायले लागले. वर्षभरात पहिल्यांदा हसले, खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी काढत. चेतना पण हसून राहिली, रडून राहिली, "यही है! यही है माँ!" म्हणून राहिली. आमचे हे भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होते.

मग गुलाबरावांची नजर आपल्या दुसऱ्या हाताकडे गेली. त्यात तो पेढा तसाच होता. त्यांनी पेढ्याकडे पाहिलं, फोटोतल्या बोटाकडे पाहिलं.

"हव," ते फोटोले म्हणाले, "हव बाई, ठेवतो," आणि पेढा परत ताटलीत ठेवून दिला.